आमच्या चाळीतलं खातेवाटप

नव्या पंतप्रधानांच्या मंत्रिमंडळाने आमच्या चाळीत एकाच माणसाचं वाईट केलं, ते माझ्या आईचं. बाकी सगळे पेढे खात होते. आईनेही एक घेतला, बराच वेळ तोंडात धरून बसली, आणि मग मोरीत जाऊन चूळ भरून आली. मी पाहिलं, कारण त्या संध्याकाळी मी तिच्याकडेच बघत होते. दिल्लीकडे बघायला बाकीची चाळ होती.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं, डिसेंबर होता. निवडणूक होऊन जुनं सरकार गेलं आणि नवं आलं. पंतप्रधानांचा शपथविधी झाला, पण मंत्री कोण ते काही कळेना. बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या कुंपणाकडे आमची बैठी चाळ होती. निम्मी चाळ कोकणातली, त्यातही बहुतेक आमच्याच गावची, कारण एकाने खोली घेतली की तो भावाला ओढायचा आणि भाऊ मेव्हण्याला. पुरुष बहुतेक सगळे गिरणीतले. गिरण्या संपात गेल्या त्या गेल्याच, तेव्हापासून कोण वॉचमन, कोण रिक्षावाला, कोण नुसताच घरी. आणि त्या आठवड्यात सगळ्यांना एकच काम मिळालं होतं, मंत्री नेमायचं.

सकाळी नळावर एक यादी असायची, संध्याकाळी वाण्याच्या दुकानासमोर दुसरी. वाण्याकडे फोन होता, त्यामुळे त्याच्या दुकानाला आपोआप महत्त्व आलं. दिल्लीहून त्याला कुणी फोन करणार नव्हतं, तरी फोन वाजला की बाहेरची माणसं बोलायची थांबत. आमच्या बाजूचा एक पुढारी मंत्री होणार, एवढं नक्की मानलं जात होतं. कोपऱ्यातल्या खोलीतल्या एका गृहस्थांनी सोमवारी सांगितलं की त्या पुढाऱ्याशी त्यांनी एकदा हात मिळवला होता. बुधवारपर्यंत तो पुढारी त्यांच्या घरी येऊन बांगड्याचं तिखलं खाऊन गेला होता. अजून दोन दिवस यादी लांबली असती तर त्यांच्याकडे मुक्कामालाच राहिला असता.

मला वाट बघणं जमत नाही, अजूनही नाही. मी तेव्हा अंधेरीच्या एका कचेरीत टायपिस्ट होते. तिथेही तेच चालायचं, फक्त तिथे लोक अर्थ खात्यावर भांडत आणि गुजराती साहेब आयकराचं काय होणार या काळजीत असत. घरी यावं तर दारात बाबा येरझाऱ्या घालताहेत. रेडिओवर बातम्या लागल्या की ते उभे राहायचे, संपल्या की पुन्हा चालायला लागायचे. आमची खोली एवढीशी, तिच्यात चालणार किती. आई त्यांना म्हणायची, बसा जरा, मंत्री काय तुमच्या चालण्यावर ठरणारेत. ते बसायचे आणि मग मांडी हलवत राहायचे.

त्यांना हवं होतं रेल्वे खातं. कोकणात तेव्हा रेल्वे नव्हती. गणपतीला, शिमग्याला गावी जायचं तर रात्रभर एसटीत आतडी हलवून घ्यायची. कोकण रेल्वे हा शब्द मी जन्मल्यापासून ऐकत होते आणि त्याच्यापुढे 'येणार' हाच शब्द असायचा. बाबांचं म्हणणं सोपं होतं. रेल्वे आपल्या माणसाकडे आली की गाडी आली. मधे रूळ, बोगदे, पूल, जमिनी असं काही असतं हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. ते गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. संपानंतर दोन-तीन ठिकाणी धक्के खाऊन अंधेरीतल्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. खाकी कपडे ते पिशवीत घालून नेत आणि तिथेच बदलत. चाळीत त्यांना त्या कपड्यांत कुणी पाहिलेलं नव्हतं.

आईचं वेगळं. ती परळला चाळीत जन्मलेली. गाव तिच्यासाठी सासर, म्हणजे डोक्यावर पदर, चुलीचा धूर आणि विहिरीचं पाणी. संपात घर बसलं तेव्हा तिने चाळीच्या टोकाच्या रिकाम्या खोलीत बालवाडी काढली. ती जेमतेम सातवी शिकलेली, पण पोरांवर तिची जादू होती. रडत आलेलं मूल तिच्याकडे दोन मिनिटांत गप्प व्हायचं. हळूहळू सगळी चाळ तिला 'बाई' म्हणायला लागली. बाजारात भाजीवालीसुद्धा म्हणायची, बाई, मेथी घ्या. हे ऐकताना आई जी काय उजळायची, तसं मी तिला दुसऱ्या कशाने उजळलेलं पाहिलं नाही.

शेवटी मंत्र्यांचा शपथविधी झाला. खाती मागाहून जाहीर झाली आणि त्या मधल्या वेळेत बाबा जेवलेसुद्धा उभ्याने. संध्याकाळच्या बातम्यांत कळलं, रेल्वे खातं आपल्या माणसाकडे. नावं मी इथे लिहीत नाही, ज्यांना आठवायचं त्यांना आठवतीलच. चाळीत असा ओरडा झाला की पार्काच्या बाजूची कुत्री भुंकायला लागली. कुणी वाण्याकडे पेढ्यांसाठी पळालं, कुणी नारळ आणला. वाण्याचं लक्ष अर्थ खात्यावर होतं, पण त्यानेही पेढे मोजून न देता खोकाच पुढे केला.

शेजारी एक काका राहायचे. जालन्याकडचे, बौद्ध, टेलिफोन खात्यात नोकरीला. आमच्याकडे बातम्या ऐकायला ते रोज येत आणि उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून उभे राहत. बसा म्हटलं तरी बसत नसत. त्या गोंधळात त्यांनी बाबांना विचारलं की कल्याण खातं कुणाकडे गेलं. बाबांना माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी ऐकलंच नव्हतं. काकांची मुलगी केंद्राच्या नोकरीच्या परीक्षेला बसत होती. धर्म बदलला म्हणून बौद्धांना केंद्रात सवलती मिळत नव्हत्या, आणि नवं सरकार त्या देईल अशी त्यांना आशा होती. ते म्हणाले, बरं, उद्या पेपरात बघतो. पेढा घेतला आणि घरी गेले. मला आमच्या माणसांचा राग आला. एवढ्याशा खोलीत उभा असलेला माणूस काय विचारतोय ते कुणाला ऐकू येत नव्हतं.

मग सगळे बालवाडीच्या खोलीत जमले. आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या बैठका तिथेच होत. भिंतीवर कमळाचा 'क' आणि गणपतीचा 'ग', आणि त्यांच्या मधोमध गावच्या देवाचा फोटो. आईने पोरांची बस्करं अंथरली आणि त्यांच्यावर पन्नाशीचे बाप्ये मांड्या घालून बसले. नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घालायला बाबांना पुढे केलं.

गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे, निदान आमच्याकडे नव्हे. देवापुढे नारळ ठेवून एकाने सगळ्यांच्या वतीने मोठ्याने बोलायचं, मागायचं, कबूल करायचं, आणि त्याचं वाक्य संपलं की बाकीच्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. लहानपणापासून ते इतकं अंगात मुरलेलं असतं की वाक्याचा शेवट आला की तोंड आपोआप उघडतं. गाऱ्हाण्यात बोललेलं मागे घेता येत नाही. ते देवाने ऐकलेलं असतं आणि गावानेही.

बाबांचा आवाज गाऱ्हाण्यासाठीच केलेला होता. एरवी मुकाट माणूस, पण नारळापुढे उभा राहिला की बदलायचा. त्या दिवशी तर त्यांना पंख फुटले होते.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी सगळी लेकरां एकवटान तुझ्या पायाशी उभी रवली आसत."

"व्हय म्हाराजा."

"आमचो माणूस दिल्लीक मोठ्या खुर्चेर बसलो, तेका यश दी, आमच्या मुलखात गाडी येवंदे."

"व्हय म्हाराजा."

"तशी गाडी येतली, तर हयसर ऱ्हवान काय करूचा? मी ह्या शिमग्याक कुटुंबासयत गावाक ऱ्हवाक येतलंय, तुझ्या देवळाची दिवाबत्ती करतलंय."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. आईही म्हणाली. मी तिच्या शेजारीच उभी होते, तिचा आवाज मी स्पष्ट ऐकला. आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं. आपण काय बोलून बसलो ते तेव्हा तिच्या ध्यानात आलं. कुटुंब म्हणजे ती. शिमगा म्हणजे जेमतेम तीन महिन्यांवर. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं, बायका तिला म्हणाल्या, बाई, नशीब काढलंस गं, गावाक चाललंस. तो पेढा तिने त्यानंतर तोंडात टाकला.

पुढचे दिवस मला आठवतात ते नुसत्या घुसमटीचे. बाबांनी गावी निरोप धाडला, घर शाकारून ठेवा. आई बोलेना. भांडी मात्र बोलायला लागली. ती कपाट आवरायची, पुन्हा विस्कटायची. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, मग केव्हा निघताय. एकदा तर मी भाजी घेत असताना तिने माझ्या हातातली जुडी खाली ठेवली आणि काही न घेताच चालायला लागली. मी चिडले. म्हटलं, तू सरळ सांग ना बाबांना, नाही येत म्हणून. ती म्हणाली, देवासमोर हो म्हटलंय मी. मी म्हटलं, अगं सवयीने म्हटलंस तू. त्यावर ती भराभरा पुढे निघून गेली.

तिला राग कुणाचा आला असेल तर मंत्र्याचा. संध्याकाळी रेडिओवर त्यांचं नाव आलं की ती उठून मोरीत जायची. बिचाऱ्या त्या माणसाला कुठे ठाऊक, बोरीवलीत एक बाई आपल्यावर डूख धरून आहे.

एका संध्याकाळी शेजारचे काका नेहमीसारखे उंबऱ्यापाशी उभे होते. बाबा कामावरून आले नव्हते. आईने त्यांना चहा दिला आणि कधी नव्हे ते सगळं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं, कपाची कडा पुसली आणि म्हणाले, "वहिनी, दिल्लीत खाती दिली तरी फेरबदल होतो. देवाकडे फेरबदल नसतो असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

ती हसली नाही. पण त्या रात्री तिने पहिल्यांदा नीट जेवण केलं, आणि दुसऱ्या दिवशी बालवाडीत पोरांबरोबर गाणं म्हणताना तिचा आवाज बाहेरपर्यंत आला. काहीतरी ठरलं होतं.

संक्रांतीनंतर मंडळाचं हळदीकुंकू होतं. बायकांचं आटोपलं की पुरुष यायचे आणि बैठक व्हायची, अशी पद्धत. बैठकीआधी देवापुढे नारळ ठेवला गेला. मंडळाचे अध्यक्ष, पांढऱ्या मिशीचे वयस्क गृहस्थ, बाबांना खूण करणार एवढ्यात आई पुढे झाली. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. कुणी मनाई केलेली नव्हती, पण कुणी कधी घातलेलंही नव्हतं. तिने पदर खांद्यावरून घेतला, हात जोडले आणि आपल्या मुंबईच्या मराठीतच बोलायला लागली.

"देवा महाराजा, मला तुझी भाषा नीट येत नाही. त्या दिवशी माझ्या तोंडून होय गेलं ते सवयीने गेलं. ह्यांनी दिलेला शब्द ह्यांचा आहे, माझा नाही. माझी पोरं इथे आहेत, सकाळी दारात येऊन उभी राहतात. मी गावाला येणार नाही. राग धरायचा तर माझ्यावर धर, ह्यांच्यावर नको."

ती थांबली. आता सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं होतं. कुणीच म्हणेना. मागून एका बाईच्या घशात तो शब्द आला आणि तिने तो गिळला. पुरुष बाबांकडे बघत होते आणि बाबा भिंतीवरच्या कमळाकडे. माझ्या अंगाची लाही झाली. एरवी काहीही असो, तोंड उघडणारी ही माणसं. मी मोठ्याने म्हटलं, "व्हय म्हाराजा." माझा आवाज त्या खोलीत एकटाच फिरला. मग दोघी-तिघी बायका म्हणाल्या, मग अजून काही. अध्यक्षांनी तोवर नारळ उचलून घेतला होता, त्यांना दुसरं काही सुचलं नसावं, त्यांनी तो फोडला. म्हणजे ते देवापर्यंत पोचलं.

घरी आल्यावर मी भांडणाची तयारी करूनच बसले होते. बाबांनी कपडे बदलले, पाणी प्यायले आणि आईला म्हणाले, तुझं बरोबर आहे, तू राहा. एवढंच. त्यांचा आवाजसुद्धा चढला नाही. आई ओट्याकडे वळली आणि चक्क गुणगुणायला लागली. त्या आठवड्यात तिने उकडीचे मोदक केले, कुठला सण नाही, वार नाही. घरातली भांडी पुन्हा मुकी झाली. मला वाटलं, सुटलो.

बाबांनी मात्र कारखान्यातली नोकरी सोडली. आम्हाला ते त्यांनी सोडल्यावरच सांगितलं. शिमग्याच्या आधी ते निघाले. आई म्हणाली, जाऊन या, घर बघून या, आणि वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या. त्यांच्या सामानात ट्रंक बघून मला शंका आली. चार दिवसांसाठी कुणी ट्रंक नेत नाही.

बोरीवलीच्या एसटी स्टँडवर आम्ही दोघी त्यांना पोचवायला गेलो. आई पाण्याची बाटली भरायला नळावर गेली, तेवढ्यात मी त्यांना विचारलं की गाडी यायला अजून किती वर्षं लागतील कोण जाणे, मग आत्ताच का.

"गाडीचां काय घेऊन बसलंस," ते म्हणाले. "माका जावचां होतां. गेटार उभो ऱ्हवान सलाम ठोकूक आता होना नाय. पण उगाच गेलंय तर लोक म्हणतले, मुंबयत टिकलो नाय. आता म्हणतले, रेल्वे येतली म्हणान गेलो."

कंडक्टरने घंटी दिली. आईने खिडकीकडे बाटली वर केली, बाबांनी घेतली. पोचल्यावर कळवा, ती म्हणाली. ते हो म्हणाले.

पुढचं लवकर सांगते. ते सरकार वर्षभरसुद्धा टिकलं नाही, पण काकांचं काम तेवढ्यात झालं. बौद्धांना केंद्रात सवलती मिळाल्या आणि काकांनी अख्ख्या चाळीत पेढे वाटले, तेव्हा अर्ध्या चाळीला त्यांना विचारावं लागलं, पेढे कशाचे. कोकणात गाडी यायला आणखी बरीच वर्षं गेली. बाबा गावीच राहिले. गणपतीला आम्ही जायचो, मे महिन्यात ते आंबे घेऊन यायचे, पाहुण्यासारखे चार दिवस राहून परत जायचे. आईची बालवाडी चालू राहिली.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी एसटी स्टँडबाहेर पडून वळली, तरी आई तिथून हलेना. मी म्हटलं, चल, बाई, उद्या पोरं येतील. तुझ्या मनासारखं झालं ना सगळं.

"मला वाटलं होतं," आई म्हणाली, "मी नाही म्हटलं की हे थांबतील."